घराण्यातला आजार

मीच बोलले. दुसरं कुनी न्हाई, मीच. ह्ये आधीच सांगून टाकते, म्हंजी मागनं कुनी म्हनाया नको की राहीबाईनं सगळ्यास्नी शिव्या घातल्या आन सोताचं तेवढं झाकून ठिवलं. शिव्या मी घालनारच हाय. पर पयली मला.

आमची वाडी वडूजपास्नं पाच मैलावर, माळाला. धनगराची पंधरा-वीस घरं. बाप मेंढरामागं हिंडून हिंडून म्येला. मला नवऱ्यानं टाकलेली, मी आयजवळ ऱ्हाते. आय म्हंजी हरणाबाई. आन धाकटा भाऊ धुळा, त्यो मिलट्रीत. आयचं नाव चार गावात हाय, कारन तिच्या अंगात मायाक्का येती. ढोल वाजाया लागला, भंडारा उधळला की आय घुमाया लागती आन लोकं म्होरं बसून कौल मागत्यात. कुनाची म्हस हरावलेली, कुनाला पोर न्हाई, कुनाच्या हिरीला पानी लागंना. तास-दीड तास चालतं. ढोल थांबला की आय तांब्याभर पानी पिती, पदर सावरती आन भाकरी थापाया बसती. आजीच्या बी अंगात असंच यायचं. आमच्यात ह्यो मान हाय. मान म्हनते मी, येड न्हाई.

एकाहत्तरची लढाई झाली. धुळा जित्ता हाय एवढं कळलं, आन मंग चार म्हयनं कागद न्हाई. वैशाखात एक दिस पोलीस पाटील नाथाजी एका साहेबाला घिऊन दारात आला. ह्यो बाबरसाहेब. आपल्याच मुलखातला, विट्याकडचा. टापटीप मानूस, बोलनं मऊ. म्हनला, "धुळा पुण्याला लष्कराच्या दवाखान्यात आहे. जिवाला धोका नाही. घरची थोडी माहिती भरून पाठवायची आहे, म्हणून आलो."

म्या घोंगडं टाकलं. आय मेंढरं घिऊन लांब गेलेली, घरात मी एकलीच. दूध तापवून दिलं. त्येनं छापील कागद मांडीवर घेतला आन इचाराया लागला.

"घरात कुणाला फिट येते?"

"न्हाई जी."

"कुणी वेडसर? कुणी जीव दिलाय?"

"न्हाई साहेब. आमचं घर निर्मळ हाय."

"कुणी भान हरपून ओरडतं, बडबडतं, अंग थरथर कापतं, असं काही?"

आन हितं माजी जीभ सैल सुटली. मला वाटलं, साहेब येवढं ऊन तुडवत घरी आलाय म्हंजी भावाची बढती असनार. पोरगं कुठल्या घरातलं, किती मानाचं, ह्ये बघत असतील. म्या छाती काढून सांगितलं, "तसलं काय न्हाई. पर आमच्या आयच्या अंगात मायाक्का येती. आजीच्या बी यायची. चार गावची लोकं पाया पडत्यात."

त्येनं मान वर केली. "किती वर्षं?"

"माज्या जल्माच्या आधीपास्नं."

"नंतर त्यांना काही आठवतं?"

"आठवलं तर सोंग, साहेब! आमच्या आयचं खरं हाय. तिला काय सुदीक आठवत न्हाई."

नाथाजी पाटील बी मान डोलावून म्हनला, "खरं हाय, साहेब. मला सोताला अनुभव हाय." बाबरसाहेबानं समदं लिवून घेतलं. म्या त्येला वर आनिक दुधाचा दुसरा पेला दिला. मुडदा बशिवला त्या पेल्याचा! त्यो जाईस्तवर मी खुशीत हुते, आन आय आल्यावर तिला बी सांगितलं की म्या घरची शोभा राखली.

कार्तिकात धुळा घरी आला. नोकरीतनं मोकळा करून धाडलेला. हातपाय धड, अंगावर वरखडा न्हाई. म्हनलं, सुटलो बया. पर त्यो उंबऱ्यापाशी आला आन थांबला. आमचं घर माळवदाचं, वर हातभर मातीचा थर. त्येनं वर बघितलं आन दोन पावलं मागं सरला. म्हनला, "आय, मी भाईर बसतो."

त्या दिसापास्नं त्यो घरात पाय ठिवीना. लिंबाखाली बसायचा, लिंबाखालीच पडायचा. कुदळ घिऊन बांधाला खड्डं खनायचा. सरळ, कमरंएवढं, काटकोनात वळवल्यालं. मी इचारलं, "धुळा, ह्ये कशाला रं?" तर म्हनायचा, "आसूं दे आक्का, लागत्यात." जेवताना हातातला तुकडा तसाच धरून कुनाशी तरी बोलायचा. बोलायचा म्हंजी समजूत घालायचा. "येतील रं, येतील आता, दम धर."

पुण्यासनं त्येला तीन म्हयन्याच्या गोळ्या दिल्या हुत्या. त्या खाल्ल्या की झोपायचा, मेंढराकडं जायचा, माजी थट्टा बी करायचा. गोळ्या संपल्या आन समदं परत सुरू. आन वरीस तर ठाव हाय कसलं हुतं त्ये. दुष्काळ. आमी समदी तळ्याच्या कामावर खडी फोडाया. तितं दुपारी सुरुंग उडाला, तसा ह्यो पळत आला आन मला आन दुसऱ्या दोन बायास्नी खड्ड्यात ढकलून आमच्यावर आडवा पडला. बाया किंचाळल्या. लोकास्नी वाटलं भलतंच. चौघांनी मिळून त्येला बडवला. मी मधी पडले तर मला बी दोन बसल्या. मार खाताना त्यो सारखा येकच सांगत हुता, "डोकी खाली घाला, डोकी खाली घाला." ज्यांनी मारलं त्यांच्याच काळजीनं सांगत हुता, गाढवास्नी कळलं न्हाई.

मंग साताऱ्यासनं कागद आला, इंग्रजी. मी त्यो पदराला बांधला आन यष्टीनं सातारा गाठलं. तितं माजी सैनिकांची कामं बघनारा आप्पासो नावाचा जुना हवालदार बसायचा. पासष्टच्या लढाईत त्येचा डावा कान ग्येलेला, म्हनून मान वाकडी करून ऐकायचा. त्येनं कागद वाचला. परत वाचला. मंग माज्याकडं न बघता सांगाया लागला.

"धुळाचा आजार मनाचा हाय, असं लिवलंय. त्यो घराण्यातला हाय. आईला आन आजीला झटके येत्यात असं घरच्याच मानसानं सांगितलंय. त्यामुळं आजार लष्करी नोकरीमुळं झाल्याला न्हाई, नोकरीनं वाढल्याला बी न्हाई."

"म्हंजी काय, आप्पा?"

"म्हंजी पेन्शन न्हाई. लष्कराचा दवाखाना न्हाई, गोळ्या न्हाईत. ही वळ कागदावर हाय तवर धुळा आन सरकार येकमेकाचं कोन न्हाई."

माज्या तळपायाची आग मस्तकाला ग्येली. मी वरडले, "कोन त्यो घरचा मानूस? कुनी सांगितलं झटके येत्यात म्हनून? दावा त्येला, त्येची जीभ हासडते!" आन माजं वरडनं तितंच थांबलं. कारन मला दुधाचा दुसरा पेला आठावला. मी भिंतीला टेकून खाली बसले. आप्पासोनं पोऱ्याला चा आनाया धाडलं, मी कप हातात बी धरला न्हाई.

थोड्या येळानं म्या त्येला समदं सांगितलं. त्यो कपाळावर हात मारून घेऊन म्हनला, "बाई, माझा कान ग्येला तवा माझ्या आयला येऊन कुनी काय इचारलं न्हाई. तुज्या भावाचं डोकं ग्येलं, म्हनून आज्जीपतोर ग्येले."

त्येनं अपील करायचं ठरीवलं. त्येला साक्ष पायजे हुती, लढाईत धुळाचं नेमकं काय झालं त्येची. धुळा तर कायच सांगत न्हवता. पलटनीत त्येच्याबरुबर हंबीरराव म्हनून इस्लामपूरकडचा नायक हुता. मी त्येच्याकडं ग्येले. उसाचं रान, पाटाला पानी, दारात बैलजोडी. आमच्याकडं पेरनी करपून ग्येलेली आन हितं बांधावर पाय ठिवला तर चिखल. हंबीरराव सकाळच्या वक्ताला दारू प्यालेला हुता. धुळाचं नाव काडलं तसा उठून बसला.

"जित्ता हाय त्यो?" म्हनला.

"हाय. पर घरात यीत न्हाई, आन कुनाची तरी समजूत घालत बसतो."

"कृष्णातची घालत असंल," हंबीरराव म्हनला. "उंब्रजचा कृष्णात. सांजच्याला गोळा पडला आन खंदकावरचं समदं छत दोघांच्या अंगावर बसलं. मातीखाली आवाज येत हुता, पर वरनं मारा चाललेला, आमास्नी डोकं वर काडता यीना. दुसऱ्या दिसाच्या दुपारी मी माज्या हातानं उकरलं. कृष्णात कवाच ग्येलेला. धुळा त्येचा हात धरून त्येला सांगत हुता, येतील रं, येतील आता." त्येनं पेला परत भरला. मंग म्हनला, "आवाज येत हुता, बाई. समदी रात. मी ऐकत हुतो. आता मी ह्ये पितो आन झोपतो. मला काय झालंय म्हनून कुनी इचारलं न्हाई आन म्या कुनाला सांगितलं न्हाई."

त्येनं साक्ष लिवून दिली, सही ठोकली, आन मला यष्टीपतोर सोडाया आला. वाटंत म्हनाला, "येड घराण्यातलं म्हनत्यात व्हय? मंग त्या रातीला आमची समदी पलटन येकाच घराण्यातली हुती." मला त्येच्या गळ्यात पडून रडू वाटलं, पर परका मानूस, म्या नुसतं हात जोडलं.

चौऱ्याहत्तरात अपिलाला पुण्याला बोलावनं आलं. धुळा, आय आन मी, तिघं ग्येलो. धुळा यष्टीत बसंना, छत हाय म्हनून. त्येला खिडकीला बसवून त्येचं डोकं भाईर काडलं, तवा बसला. पुण्याला तीन डाक्तर साहेब टेबलामागं. मधला मराठी बोलनारा हुता, तरना. त्येनं हंबीररावाची साक्ष वाचली हुती. म्हनला, "गोळा पडला हे आम्हाला मान्य आहे. पण त्या दिवशी असे गोळे पुष्कळांवर पडले. सगळेच आजारी नाही पडले. म्हणून आम्हाला घरचं बघावं लागतं. आई, तुमच्या अंगात येतं का?"

आप्पासोनं आयला बजावून सांगितलं हुतं, थोडक्यात बोल, न्हाई म्हन. पर आयला जलमात मायाक्काला नाकारायचं ठाव न्हवतं. ती खुर्चीवरनं उठली आन धुळाकडं बोट करून बोलली, "येतं, साहेब. माज्या अंगात येतं ते मी बोलीवलं म्हंजी येतं आन ढोल थांबला की जातं. मंग मी माजी भाकरी थापते. ह्येच्या अंगात तुमी जे घातलंय ते जात न्हाई. माजा द्येव हाय. ह्येचं काय हाय ते तुमी सांगा."

मला वाटलं, आता ह्येंची तोंडं बंद झाली. कुठला जाब देत्यात ह्याला! त्या तरन्या डाक्तरानं पेनाचं टोपन काडलं. मंग हळूच म्हनला, "आई, तुम्ही अगदी खरं बोलताय, आणि म्हणूनच मला हे लिहावं लागतंय." आन लिवलं त्येनं! आयनं सोताच्या तोंडानं कबूल क्येलं म्हनून लिवलं. खरं बोललेलं चालत न्हाई तर इचारताय कशाला, मेल्यांनो? भाईर आल्यावर मी पायातली व्हान काडून त्येंच्या दारावर मारनार हुते. आयनं मला धरलं.

अपील फेटाळलं. आप्पासो म्हनला, आता येकच वाट ऱ्हायली. आयनं वडूजला मॅजिस्ट्रेटम्होरं शपथेवर लिवून द्यायचं, की माज्या अंगात काय येत न्हाई, कवाच आलं न्हाई, लोकांनी नारळ आन दानं द्यावं म्हनून मी सोंग करत हुते. सोंग करनारी बाई लबाड असती, येडी न्हाई. लबाडीला औषध न्हाई आन ती रक्तातनं बी जात न्हाई.

मी आप्पासोवर धावून ग्येले. म्हनलं, "तुमी मानूस हाय का कोन? चाळीस वर्सं जिनं लोकांचं बरं चिंतलं तिला चोर ठरिवताय?" त्यो मान वाकडी करून ऐकत ऱ्हायला. बोलली ती आय.

"लिव," म्हनाली.

"आय, मायाक्काला काय सांगशील?"

"तिला मी समजावते. सरकारला समजावता येत न्हाई."

वडूजच्या दस्तलेखकानं मोठ्यानं वाचून दावलं, कचेरीच्या आवारात, दहा मानसांत. 'सोंग' हा शब्द आला तवा आयनं डोळं मिटलं. मंग अंगठा शाईत बुडवून इतका दाबला की कागदाला भोक पडाया आलं.

येवढ्यावर बी भागलं न्हाई. गावच्या पोलीस पाटलाचा दाखला पायजे हुता, की ही बाई लबाड हाय ह्ये गावाला ठाव हाय. मी नाथाजी पाटलाकडं ग्येले. मला वाटलं, शाना मानूस हाय, समजून घेईल, डोळा मारंल आन सही करंल. तर त्येचं तोंड लालबुंद झालं.

"सोंग हुतं व्हय?" म्हनला. "मंग तुज्या आयच्या कौलावर म्या माज्या पोरीची सोयरीक मोडली ती? कराडकडचं घर हुतं, बागायतदार! पोर अजून घरात हाय माजी!"

"पाटील, आवं, कागदासाठी लिवलंय. तुमास्नी ठाव हाय खरं काय हाय त्ये. तुमी सोता साहेबाम्होरं म्हनला हुतासा."

"तवा खरं हुतं का आता खरं हाय? दोन्हीतलं येक सांग!"

आता ह्याला काय सांगनार? खरं म्हनलं तर भावाचा कागद ग्येला. खोटं म्हनलं तर आय ग्येली. म्या मान खाली घातली आन म्हनलं, "आता हाय ते खरं, पाटील." त्येनं सही क्येली. रागानं क्येली, मनापास्नं क्येली, आन दुसऱ्या दिसापतोर समद्या गावात सांगून बी टाकलं.

मंग काय इचारता! ज्या बाया आयच्या पायाचं पानी पोरांच्या डोळ्याला लावायच्या, त्या हिरीवर आयला बघून घागर उचलून जायाला लागल्या. आमच्या धनगरांनी बी ढोल दुसरीकडं न्हेला. येकानं बारा वर्सांचं नारळ मागितलं. हो, नारळ! खाऊन पचवून बारा वर्सं झालेलं नारळ मागाया आला दारात. म्या त्येला असलं फैलावर घेतलं की त्यो पायतान इसरून पळाला. आय मातुर आवस-पुनव आली की मेंढरं घिऊन पार लांबच्या माळाला जाया लागली. मी इचारलं, येवढ्या लांब कशाला? म्हनाली, "ढोलाचा आवाज कानावर आला आन चुकून अंगात आलं तर? कुनी बघितलं तर धुळाचं काय?" मी तिला तितं भाकर न्हिऊन द्यायची. दोघी तितंच बसून खायाचो.

पंच्याहत्तरच्या पावसाळ्यात कागद आला. आप्पासोनं तार केल्यागत मानूस धाडून बोलावलं. नवी वळ लिवलेली हुती, की घराण्यात आजार आढळत न्हाई, आन आजार लष्करी नोकरीमुळं झालेला हाय. आप्पासोचं डोळं भरलं. पेन्शन सुरू झाली, पुण्याचा दवाखाना सुरू झाला, गोळ्या आल्या. धुळा गोळ्या खाऊन झोपाया लागला. घरात अजून यीत न्हाई, पर खड्डं खनायचं थांबलं. गेल्या दिवाळीला त्यो उंबऱ्यावर बसून जेवला. उंबऱ्यावर! आय पदरात तोंड घालून रडली.

पर त्या कागदाच्या खाली आनिक येक वळ हुती. दोन वर्सांनी परत चौकशी व्हनार. घरी मानूस येनार, गावात इचारनार, आन मंगच म्होरचं ठरनार. दर दोन वर्सांनी, धुळा जित्ता हाय तवर.

ह्या वर्सी चैतात त्यो मानूस आला. बाबरसाहेबच. फटफटीवर आला, येकटाच. मी वळकलंच न्हाई आधी. गालफाडं बसलेली, दाढी वाढलेली, शर्टाची गुंडी तुटलेली. म्या घोंगडं टाकलं. दूध दिलं न्हाई. त्येनं लिंबाखाली धुळाला चार सवाल इचारलं, धुळानं चार जबाब दिलं. मंग आयला बोलावलं.

"हरणाबाई, अंगात वगैरे काही येतं?"

"न्हाई."

"कधी येत होतं?"

"कवाच न्हाई. सोंग हुतं."

लिवलं त्येनं. कागदाची घडी घालून पिशवीत ठिवली. म्या म्हनलं, सुटलो दोन वर्सं. पर त्यो उठंना. पिशवीत परत हात घातला आन त्याच पिशवीतनं नारळ काडला आन भंडाऱ्याची पुडी. आयच्या म्होरं ठिवली आन तिच्या पायावर डोकं ठिवलं.

"आई," म्हनला, "माझा थोरला घर सोडून गेलाय. आठ महिने झाले. पोलिसांत दिलं, पेपरात दिलं, मुंबई पालथी घातली. बायको अन्नाला शिवत नाही. एकदा मायाक्काला विचारा. जिवंत आहे का, आणि कुठल्या दिशेला आहे, एवढंच."

मला आधी वाटलं, ह्यो आपल्याला पारखतुया का? पर त्येचं खांदं हालत हुतं, रडत हुता त्यो, आन असलं रडनं कुनाला सोंग म्हनून जमत न्हाई. आयनं त्येच्याकडं बघितलं. हरावलेल्या ल्येकराचं दुक तिला कुनी सांगाया नको. तिचा हात भंडाऱ्याकडं ग्येला. ढोल न्हाई, काय न्हाई, तरी तिची मान हालाया लागली. किती वर्सं दाबून धरलेलं हुतं तिनं.

मी झडप घालून तिचं मनगट धरलं.

"साहेब," म्या म्हनलं, "आधी त्यो कागद भाईर काडा. त्येच्यावर लिवा, की ह्या बाईच्या अंगात द्येव येतो, ती येडी न्हाई, लबाड न्हाई, आन तिच्या ल्येकाला येड लावलं ते तुमच्या लढाईनं. खाली सही करा. मंग बसा आयम्होरं."

त्येनं डोळं पुसलं. "बाई, मी नोकर माणूस. मला तसं लिहिता येत नाही. तसा रकानाच नाही."

"मंग कौल बी मिळत न्हाई! समजलं? तुमी आमच्या घरात येड लिवलंसा तवा आमी येडी. सोंग लिवून घेतलं तवा आमी लबाड. आन आता तुमचं पोर ग्येलं तवा आमी द्येव? उठा. उठा म्हनते!"

लिंबाखाली धुळा उठून हुबा ऱ्हायला हुता. बाबरसाहेबानं त्येच्याकडं बघितलं, मंग नारळ उचलून पिशवीत घातला. कागदाच्या शेजारीच.

आय माज्या हातात थरथरत हुती. "राहे," म्हनाली, "सोड मला. त्येचं पोर जित्तं हाय गं. दिशा दिसाया लागलीया."

मी मनगट सोडलं न्हाई. त्येची फटफटी उतार उतरून सडकंला लागली, तवा सोडलं.